तामाकीच्या डोंगरावर जाण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजी गेल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं होतं. शेवटचं दर्शन झालं नाही, तिकीट मिळेपर्यंत इकडं सगळं उरकलं होतं, हे तू दोन ओळींत लिहिलंस आणि पुढची तीन पानं तामाकीच्या देवळाबद्दल. ऑफिसमधल्या कुणी तरी सांगितलं की नाराच्या दक्षिणेला, डोंगरात खूप आत एक शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देऊळ आहे, तीन हजार वर्षांचं झाड आहे आणि देवाचं बोलावणं आल्याशिवाय तिथं कुणी पोचत नाही. येत्या शनिवारी ओसाकाहून गाडी भाड्यानं घेऊन एका दिवसात जाऊन येते, तिथं काय करायचं ते सांगा, असं तू विचारलंस.

येत्या शनिवारी जाऊ नकोस. सगळं नीट सांगते, म्हणून पत्र लांबणार आहे.

शिंतोमध्ये मृत्यूचं सुतक पाळतात. आपल्याकडं तेरा दिवस, तिथं साधारण पन्नास. नातं किती जवळचं, घर एक की वेगळं, यावर दिवस कमी होतात आणि जागोजागी रीतही थोडी बदलते, पण तेवढ्या काळात तोरीईखालून, म्हणजे देवळाच्या वेशीवरच्या कमानीखालून, आत जायचं नाही हा तिथला सर्वसाधारण नियम. जपानी माणूस घरात कुणी गेलं असेल तर त्या वर्षी नव्या वर्षाची शुभेच्छापत्रंसुद्धा पाठवत नाही, हे तुला वर्गात सांगितलं होतं. तामाकीला तुला कुणी अडवणार नाही. परदेशी मुलीला सुतकाबद्दल विचारायचं तिथल्या पुजाऱ्याच्या मनातही येणार नाही. तरीही थांब. मरण अशुद्ध असतं असं मी मानत नाही, तुझी आजीही मानत नसावी. पण घर त्यांचं आहे आणि नियम तुला आता माहीत झालाय. माहीत असताना मोडणं वेगळं.

आणि खरं सांगायचं तर तुला आत्ता ज्याची गरज आहे ते शिंतो देवळात फारसं मिळत नाही. लग्न, बारसं, पीक, पाऊस, नवं घर, नवी गाडी या गोष्टींसाठी माणसं तिथं जातात. गेलेल्यांचं बघायचं ते बौद्ध मंदिरानं, अशी वाटणी जपानमध्ये फार जुनी आहे. तेव्हा या शनिवारी कोयासानला, डोंगरमाथ्यावरच्या बौद्ध मंदिरांच्या गावाला जा. ओसाकातल्या नांबाहून नानकाई रेल्वेची गाडी, शेवटी केबल कार, दोन तासांत वर. ८१६ साली कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांनी ती जागा मागून घेतली आणि ते अजूनही तिथं ध्यानात बसले आहेत अशी श्रद्धा आहे. त्यांच्या समाधीपर्यंत जाणारी ओकुनोइनची वाट दोन किलोमीटरची आहे. दोन्ही बाजूंना सुगीचे, म्हणजे जपानी देवदाराचे, उंच वृक्ष आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून जास्त समाध्या. सरदारांच्या आहेत, कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी उभारलेल्या आहेत, ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही अशांच्याही आहेत. शेवटच्या पुलापलीकडं फोटो काढत नाहीत, डोक्यावरची टोपी काढतात. मंदिरातच मुक्काम कर. पहाटेच्या पाठाला बसता येतं आणि आधी सांगितलंस तर आजीच्या नावानं प्रार्थनाही करतात. जेवणात मासा नाही, माशाचं पाणीही नाही, सगळं कोंबू या समुद्री शेवाळावर आणि शिताके अळंब्यांवर केलेलं. म्हणजे तुझी तीही काळजी मिटली. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. जरूर बघ. डोंगरमाथ्यावरच्या त्या गावात बाबासाहेब समोर दिसले की आपल्या माणसाला काय वाटतं ते मी लिहिणार नाही, तूच मला कळव.

तामाकी ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर दिवस भरलेले असतील, वादळांचा मोसमही बहुतेक सरलेला असेल. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या भागात पाऊस आपल्या घाटातल्यासारखाच कोसळतो आणि दरडी येतात. हिवाळ्यात रस्ता गोठतो. फेब्रुवारी ते एप्रिल सुगीचे पराग उडतात आणि तुला गेल्या वर्षी डोळ्यांचा किती त्रास झाला ते तूच लिहिलं होतंस. मे महिना मात्र छान, तेव्हा माथ्यावर ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं फुलतात. पण मेपर्यंत तुला धीर निघायचा नाही, हे मला माहीत आहे.

गाडी भाड्यानं घेऊ नकोस. यामातो-यागी स्टेशनवरून शिंगूला जाणारी साधी बस पकड. द्रुतगती महामार्गावरून न जाणाऱ्या बसमार्गांत हा जपानमधला सर्वांत लांब, सुमारे १६७ किलोमीटर, टोकापासून टोकापर्यंत साडेसहा तास. दिवसातून मोजक्याच फेऱ्या आहेत, तेव्हा वेळा आधी बघून ठेव. तुला तोत्सुकावा ओनसेनला, म्हणजे गरम झऱ्यांच्या ठिकाणी, उतरायचंय, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. गाडीनं गेलीस तर हा वेळ वाचेल खरा, पण मला तो वाचायला नकोय. गोजो सोडलं की दरी अरुंद होत जाते, नदी खाली जाते, घरं उतारावर दोन-दोन, चार-चार करून चिकटलेली दिसायला लागतात. बसमध्ये शाळेची मुलं चढतात, दवाखान्यात निघालेल्या आजीबाई चढतात आणि ड्रायव्हर त्यांना नावानं ओळखतो. मध्ये उएनोजीला बस थोडा वेळ थांबते. तिथं तानिझेचा झुलता पूल आहे. २९७ मीटर लांब, नदीपासून ५४ मीटर उंच. आधी गावकरी नदीवर ओंडक्यांचे साकव टाकायचे आणि प्रत्येक पुरात ते वाहून जायचे. शेवटी १९५४ साली गावानं स्वतःच्या पदरचे पैसे घालून हा पूल बांधला. आज पर्यटक त्यावर फोटो काढतात, पण तो शाळेला आणि शेताला जायचा पूल आहे. पूल हलेल तेव्हा कडेच्या दोराला धर आणि समोरून कुणी सामान घेऊन येत असेल तर आधी त्याला जाऊ दे.

हा पूल तुला मुद्दाम बघायला सांगतेय. तामाकीचं देऊळ समजायचं असेल तर तोत्सुकावा गाव समजायला हवं आणि देवळाबद्दल तुला ज्यानं सांगितलं त्यानं गावाचं नावही घेतलं नाही.

तोत्सुकावा हे जपानमधलं क्षेत्रफळानं सर्वांत मोठं खेडं, सुमारे ६७२ चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेच्या हद्दीहून मोठं आणि वस्ती जेमतेम तीन हजार. बाकी सगळा डोंगर आणि झाडी. १८८९ च्या ऑगस्टमध्ये तिथं एवढा पाऊस झाला की डोंगरच्या डोंगर खाली आले, नद्या अडून तळी झाली आणि ती फुटली. १६८ माणसं गेली. जमीनच उरली नाही म्हणून सुमारे अडीच हजार माणसं त्याच वर्षी गाव सोडून होक्काइडोला गेली, जपानच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात. तिथं त्यांनी वसवलेल्या गावाचं नाव शिन-तोत्सुकावा, नवं तोत्सुकावा. ते गाव आजही आहे आणि मूळ गावापेक्षा तिथं जास्त माणसं राहतात. जाताना डोंगरावरचा देवही ते बरोबर घेऊन गेले. म्हणजे तू ज्या देवळात जाणार आहेस त्या देवाची लेकरं हजाराहून जास्त किलोमीटरवर बर्फाच्या मुलखात भात पिकवताहेत. २०११ च्या सप्टेंबरात वादळानं याच दरीत पुन्हा दरडी कोसळल्या. बसमधून उतारांवर सिमेंटच्या जाळ्या दिसतील, त्या बघ. तिथल्या लोकांना डोंगर पवित्र वाटतो आणि त्याची भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे.

आणखी एक. मघाशी म्हटलं की गेलेल्यांचं बघायचं ते बौद्ध मंदिरानं. तोत्सुकावात तसं नाही. १८६८ नंतर सरकारनं देव आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला. त्याआधी हजारेक वर्षं दोघं एकाच आवारात नांदत होते आणि तामाकीही यामाबुशींचं, म्हणजे डोंगरात तप करणाऱ्या साधकांचं ठिकाण होतं. योशिनोपासून कुमानोपर्यंत ओमिने डोंगररांगेच्या कण्यावरून जी वाट जाते तिच्यावर पंचाहत्तर उपासनास्थानं मोजतात. कुमानोकडून मोजलं तर तामाकी दहावं. त्या हुकुमानंतर तोत्सुकावानं आपली सगळी बौद्ध मंदिरं मोडून टाकली. गावातले अंत्यविधीसुद्धा तेव्हापासून शिंतो पद्धतीनं होतात, जे बाकी जपानात क्वचित दिसतं. तामाकीच्या आवारात कचेरीची एक मोठी लाकडी इमारत आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ती मुळात बौद्ध साधूंसाठी बांधलेली. आतल्या सरकत्या दारांवर कानो घराण्याच्या चित्रकारांची चित्रं आहेत. आत जाऊ देत असतील तर थोडे पैसे भरून आवर्जून बघ. एवढ्या आडरानात ही सोनेरी चित्रं कशासाठी, असा प्रश्न पडला की ज्यांना ते आडरान वाटत नव्हतं अशा माणसांचं जग तुला दिसायला लागेल.

तू स्त्री आहेस म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, नाही तर तिथं गेल्यावर कुणी तरी सांगेल आणि तुला लागेल. तामाकीला स्त्रियांना कसलीही बंदी नाही. पण याच ओमिनेच्या वाटेवर, बरंच उत्तरेला, सांजोगाताके नावाचा १७१९ मीटरचा डोंगर आहे आणि त्याच्या वाटेवर आजही फाटक आहे, ज्यापुढं स्त्रियांना जाता येत नाही. २००४ साली या सगळ्या वाटा जागतिक वारसा ठरल्या, त्या बंदीसकट. मला हे मान्य नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायकांसाठी खुला झाला तेव्हा मला जे समाधान वाटलं होतं ते सांजोगाताकेबद्दलही एक दिवस वाटावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. तू म्हणशील, सुतकाचा नियम पाळायला सांगता आणि हा मान्य नाही म्हणता. हो. सुतक सगळ्यांना असतं आणि संपतं. बाई असणं संपत नाही. फाटकाशी जाऊन भांडायला मी तुला सांगत नाहीये. पण कुणी जपानी सहकारी त्या बंदीचं कौतुक करू लागला तर गप्प बसून मान हलवू नकोस, आपलं मत शांतपणे सांग.

आता वरचं. तोत्सुकावा ओनसेनहून देवळाच्या गाडीतळापर्यंत टॅक्सीनं अर्धा-पाऊण तास, रस्ता अरुंद. टॅक्सी आदल्या दिवशी ठरव आणि परतीची वेळही तेव्हाच नक्की कर, कारण वर तुला ऐनवेळी काही मिळणार नाही आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. गाडीतळापासून देवळापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचं.

वर जाताना दोन्हीकडच्या झाडीत फरक बघ. खालच्या उतारांवर सुगी आणि हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, सरळ रेषेत लावलेले आहेत, सगळे एका वयाचे, एका जाडीचे. खाली अंधार, जमिनीवर वाळलेल्या काड्यांखेरीज काही नाही. ती लाकडासाठीची लागवड. जपानच्या एकूण जंगलातलं चाळीस टक्के असंच आहे. देवळाच्या हद्दीत शिरलीस की झाडांच्या जाड्या बदलतात. एक सुगी चार माणसांच्या कवेत न मावणारा, त्याच्या शेजारी मनगटाएवढं मॅपल, मध्ये पडलेल्या खोडावर शेवाळ आणि त्या शेवाळात बोटभर उंचीची सुगीचीच रोपं. एखाद्या पडलेल्या खोडाशी खाली बस आणि पाच मिनिटं फक्त तेवढंच बघ. जुन्या रानात नवं झाड बऱ्याचदा जमिनीत नाही, मेलेल्या झाडाच्या अंगावर रुजतं. लागवडीच्या रानात पडलेलं झाड उचलून नेतात, म्हणून तिथं हे दिसत नाही.

हे रान आपोआप राहिलेलं नाही. १९०६ साली सरकारनं हुकूम काढला की लहान देवळं मोठ्या देवळांत विलीन करा, एका खेड्याला एक देऊळ पुरे. काही वर्षांत देशभरातली सुमारे ७० हजार देवळं नाहीशी झाली. देऊळ गेलं की त्याच्या राईतली जुनी झाडं विकायला मोकळी. सगळ्यांत कडक अंमल झाला तो याच किई द्वीपकल्पात, मिए आणि वाकायामा प्रांतांत. त्याविरुद्ध एक माणूस उभा राहिला, मिनाकाता कुमागुसु. १८६७ चा जन्म, वाकायामाचा. अमेरिका, मग लंडन, ब्रिटिश म्युझियममध्ये बसून वाचन, 'नेचर'मध्ये लेख आणि परत आल्यावर कुमानोच्या रानात बुरशी आणि श्लेष्मकवकं (बुरशीसारखे दिसणारे बुळबुळीत जीव) गोळा करत फिरणं. ज्या राया तुटत होत्या त्यांत त्याचे हे जीव राहत होते. त्यानं वर्तमानपत्रांत लिहिलं, टोकियोतल्या विद्वानांना लांबच लांब पत्रं लिहिली. १९१० साली एका सभेत घुसून गोंधळ घातला म्हणून काही दिवस कोठडीतही काढले. राई तुटली की झाडं जातातच, पण पाणी, पाखरं, माती धरून ठेवणं, गावकऱ्यांचं एकत्र येणं, हे सगळं एकाच वेळी तुटतं, हा त्याचा मुद्दा होता. इकॉलॉजी हा शब्द त्यानं १९११ साली वापरला आहे. पुष्कळ राया त्याला वाचवता आल्या नाहीत. कुमानोला जाणाऱ्या नाकाहेचीच्या जुन्या वाटेवर नोनाका इथं एका छोट्या देवळाजवळ त्याच्या धडपडीमुळं राहिलेले काही सुगी आजही उभे आहेत. पुढं कधी कुमानोला गेलीस तर तिथं थांब.

तुला हे जवळचं वाटेल, कारण तू भोरकडच्या देवराईत आमच्याबरोबर आली होतीस. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी आपल्याकडच्या देवरायांची पाहणी केली तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. देवाच्या नावावर राखलेला तुकडा, आजूबाजूचं सगळं तुटल्यावर उरलेला आणि तो उरावा म्हणून झगडणारी गावातली काही माणसं. मिनाकाताला देवराई माहीत नव्हती की वर्तकांना मिनाकाता, ते मला ठाऊक नाही आणि त्यानं फरकही पडत नाही. दोघांनी बघितलं ते एकच.

देवळाचा मुख्य गाभारा न रंगवलेल्या लाकडाचा आहे. त्याच्या मागच्या बाजूला जिंदाई-सुगी उभा आहे, ज्याला तीन हजार वर्षांचा म्हणतात. वय कुणी मोजलेलं नाही, तसं मानतात. खोड पिळलेलं, गाठींचं, वरचा भाग वाळून पांढुरका झालेला. त्याला मिठी मारू नकोस. 'ऊर्जा घ्यायला' लोक हात लावतात, पाठ टेकतात, बुंध्याशी उभे राहून फोटो काढतात आणि त्यांच्या पायांखाली मुळांवरची माती घट्ट होत जाते. याकुशिमा बेटावरच्या प्रसिद्ध जोमोन-सुगीशी लोकांनी असंच केलं, तेव्हा शेवटी १९९६ साली तिथं लाकडी माची बांधून लोकांना दूर ठेवावं लागलं. पाच पावलं लांब उभी राहा, मान वर कर, तेवढं पुरतं.

रीतभात तुला येते, तरी एकदा उजळणी. तोरीईशी थांबून मान लवव, वाटेच्या मधोमध चालू नकोस. पाण्याच्या कुंडाशी पळी उजव्या हातात, आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात आणि शेवटी पळी उभी करून तिची दांडी उरलेल्या पाण्यानं धू. पळीला तोंड लावायचं नाही. नाणं हळू टाक, दोनदा वाक, दोनदा टाळी, मनातलं बोल, एकदा वाक. मागणं मागायच्या आधी आपण कोण, कुठून आलो ते सांगतात. नाव आणि गाव सांग. गाव विचारशील तर पुणेच सांग, ओसाका नको.

मग खरी जागा. मुख्य देवळापासून माथ्याकडं चढणारी वाट धर. दहाएक मिनिटांवर तामाइशीचं ठिकाण आहे. देऊळ नाही, छप्पर नाही. सुगीच्या वृक्षांमध्ये जमिनीतून थोडासा वर आलेला एक काळपट गोल दगड, भोवती पांढरे गोटे आणि लाकडी कुंपण. बाकीचा दगड जमिनीत किती खोल आहे ते दिसत नाही. मुख्य देवळाच्याही आधीपासून पूजा होते ती याची, असं मानतात आणि यामाबुशी आधी इथं नमस्कार करून मग खाली जायचे. आपला तांदळा बघत वाढलेल्या माणसाला इथं कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या आजीच्या गावच्या देवीला हात-पाय-तोंड काही नव्हतं, नुसता शेंदूर लावलेला दगड, आठवतं? तामाइशीला शेंदूर नाही, एवढाच फरक. आजीची आठवण काढायची तर तिथं काढ.

त्या वाटेवर आणखी चढलीस तर १०७६ मीटरवर माथा. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला कुमानोचा समुद्र दिसतो. माथ्याजवळ उशांसारखे गोल-गोल लाव्हाचे दगड आहेत. असे दगड लाव्हा पाण्याखाली थिजला तरच होतात. म्हणजे हा डोंगर कधी काळी समुद्राचा तळ होता. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा बहुतांशी उघड्या जमिनीवर पसरला, त्यामुळं असे दगड आपल्याला सहसा बघायला मिळत नाहीत.

बोलावण्याबद्दल. देवाचं बोलावणं असल्याशिवाय पोचता येत नाही, हे वाक्य तामाकीच्या नावाला अलीकडं फार चिकटलंय. पंढरीच्या वाटेवरही माणसं बोलावणं आलं म्हणतात, पण तिथं त्यात नम्रता असते. इथं मला ते वाक्य पोचलेल्याच्या मोठेपणाचं वाटतं, म्हणून मी ते वापरत नाही. दरड आली म्हणून किंवा बर्फ पडलं म्हणून ज्याला परत फिरावं लागलं तो कमी नशिबाचा नाही. आणि शेजारच्या वस्तीतली म्हातारी जी आयुष्यभर वर जाऊन झाडलोट करते तिला कुणाचं बोलावणं लागत नाही. रस्ता बंद असला तर खालीच राहा. तोत्सुकावातले गरम झरे उत्तम आहेत. पाणी पुन्हा न वापरता झऱ्याचं थेट वाहतं ठेवायचं, असं त्या गावानं २००४ साली सगळ्या झऱ्यांसाठी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी हातेनाशीच्या वस्तीत जा. कोयाहून कुमानोला जाणारी जुनी वाट तिथल्या एका घराच्या अंगणातून जाते, भाजीच्या वाफ्यांना लागून. लोक राहतात तिथं, तेव्हा अंगणात आवाज नको आणि घराच्या आत कॅमेरा नको.

दोन रात्री तरी राहा. पैसे रोख ने. वाटेवर कोन्बिनी, म्हणजे रात्रंदिवस उघडी असणारी छोटी दुकानं, आहेत असं धरून चालू नकोस. पावसाळी जाकीट ऑक्टोबरातही लागेल. त्या द्वीपकल्पात अस्वलं आहेत, थोडीच, पण एकटी चालणार असशील तर पिशवीला घंटी बांध आणि संधिप्रकाशात रानात राहू नकोस. माथ्यापलीकडं ओमिनेच्या वाटेनं पुढं जायचा मोह झाला तरी एकटीनं नाही. ती वाट सवयीच्या माणसांचीही परीक्षा घेते. खायला मेहारी-झुशी मिळेल, मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा. आत किंवा पानाला लावलेल्या सोया सॉसमध्ये मासा असतो कधी कधी, विचारून घे. युबेशी म्हणून युझूच्या सालीत मिसो भरून वाळवलेला पदार्थ मिळतो, तो पातळ कापून खातात. माझ्यासाठी एक आण.

मुक्कामाच्या मालकिणीला नुसतं 'मी शाकाहारी' म्हणून सांगितलंस तर ती भाजीवर माशाचं पाणी घालून प्रेमानं वाढेल. काय चालतं ते सांग: टोफू, भाज्या, भात, कोंबूचा रस्सा. तो निरोप मी विनयाच्या भाषेत जपानीत लिहून या पाकिटात वेगळ्या कागदावर घातलाय. नोंदणी करतानाच पाठव, त्यांना बाजारहाटाला खाली लांब जावं लागतं.

कोयासानहून परतलीस की लिही.

तुझी,
सेन्सेई